ताएल की डॉलर? छिंग राजवटीची नमुना नाणी आणि वजनाचं भांडण

नाणेवट

लिलावाच्या याद्यांत चिनी 'पॅटर्न' नाणी (म्हणजे चलनात आणण्याआधी मंजुरीसाठी पाडलेले नमुने) झळकली की चर्चा किमतीच्या आकड्यावरच संपते. ती पाडली कशासाठी, हे क्वचितच कोणी विचारतं. म्हणून हा धागा.

आधी पार्श्वभूमी. छिंग (चीनची शेवटची राजवट) काळात रोजच्या व्यवहाराला ओतीव पितळी 'कॅश', मध्ये चौकोनी भोक. मोठ्या व्यवहाराला चांदी, पण नाणं म्हणून नाही, वजनावर. एकक ताएल. १ ताएल = १० मेस = १०० कँडरिन. सरकारी खजिन्याचा 'कुपिंग' ताएल सुमारे ३७.३ ग्रॅम, कस्टम्सचा 'हायग्वान' ताएल त्याहून थोडा जड, आणि बाजारागणिक आणखी वेगळे. चांदीच्या होडीसारख्या लगडी चालत, सराफ त्यांचा कस ठरवी आणि वटाव कापी. बंदरांमधून आधी स्पॅनिश आणि मग मेक्सिकन गरुडछाप डॉलर शिरला. तो मात्र मोजून घेता येई, तोलावा लागत नसे. लोकांना तेच आवडलं.

(अवांतर: 'मेस' हा शब्द मलय भाषेतून इंग्रजीत गेला आणि त्याचं मूळ आपला 'माष', म्हणजे मासा, असं मानतात. पण वजन आपल्या माशाचं नव्हे. आपला मासा एक ग्रॅमच्या आत, चिनी मेस ३.७३ ग्रॅम.)

१८८७ मध्ये ग्वांगदोंगचा गव्हर्नर-जनरल झांग झिदोंग याने प्रस्ताव मांडला की यंत्रं आणू आणि स्वतःचा डॉलर पाडू. यंत्रं बर्मिंगहॅमच्या राल्फ हीटन अँड सन्सकडून आली, ठसे ॲलन वायनने कोरले, टांकसाळ १८८९ मध्ये सुरू झाली. पहिल्या नमुना डॉलरवर वजन कोरलं होतं ७ मेस ३ कँडरिन. मेक्सिकन डॉलर बाजारात ७.२ मेसचा धरत. आपलं नाणं कणभर जड केलं की लोक परक्याचं टाकून आपलं घेतील, असा झांगचा हिशोब.

तो चुकला. जड आणि हलकं नाणं एकाच भावाने चालायला लागलं की जड नाणं पेटीत जातं नाहीतर मुशीत. हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या सल्ल्यानंतर वजन ७.२ वर आणलं. पण दुसरी अडचण उरलीच. सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव असलेल्या बाजूलाच कडेने इंग्रजी अक्षरं होती. सम्राटाच्या नावाभोवती परकी लिपी, हे खटकणारच. झांगनंतर आलेल्या ली हानझांगच्या वेळी, १८९० मध्ये, इंग्रजी मजकूर ड्रॅगनच्या बाजूला हलवला आणि मग नाणं खऱ्या अर्थाने चलनात आलं.

म्हणजे एका डॉलरचे तीन टप्पे: ७.३ उलट छाप (इंग्रजी सम्राटाच्या नावाच्या बाजूला), ७.२ उलट छाप, आणि ७.२ सुलट छाप. पहिले दोन नमुने. माझं म्हणणं एवढंच, की या काळातलं जवळजवळ प्रत्येक नमुना नाणं म्हणजे वजनाच्या वादात दरबारात घातलेला एकेक अर्ज आहे. तसं वाचलं तरच त्याचा अर्थ लागतो.

चकती

उत्तम सुरुवात. नाणेवटांच्या 'कणभर जड'चा हिशोब शुद्ध चांदीत करून टाकतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

मेक्सिकन डॉलर: २७.०७ ग्रॅम, कस ९०३ (हजारात), शुद्ध चांदी साधारण २४.४४ ग्रॅम.
ग्वांगदोंग ७.३: २७.२ ग्रॅम, कस ९००, शुद्ध २४.५ ग्रॅम.
ग्वांगदोंग ७.२: २६.९ ग्रॅम, कस ९००, शुद्ध २४.२ ग्रॅम.

म्हणजे ७.३ च्या नाण्यात मेक्सिकनपेक्षा जेमतेम सहा-सात सेंटिग्रॅम चांदी जास्त. एका नाण्यात हे कोणाला कळणार नाही, पण दहा हजार नाणी वितळवणाऱ्याला लगेच कळतं. ७.२ केल्यावर पारडं उलट झुकलं. आता वितळवायला मेक्सिकनच बरा.

टांकसाळीचा फायदा मात्र डॉलरमध्ये नव्हताच, तो चिल्लरीत होता. २० सेंटचं नाणं १.४४ मेसचं, म्हणजे पाच नाण्यांचं वजन बरोबर ७.२ मेस. वजन जुळलं, कस नाही. डॉलरचा कस ९००, २० सेंटचा ८२०. पाच नाण्यांत शुद्ध चांदी ५.९ मेस, डॉलरमध्ये ६.४८. प्रत्येक डॉलरमागे नऊ टक्के टांकसाळीच्या खिशात. दक्षिणेत छोटी चांदी धो धो पाडली गेली ती यामुळे. बाजाराने तिला 'लहान पैसा' म्हणून वेगळं काढलं आणि पाच लहान म्हणजे एक मोठा हे समीकरण मोडीत निघालं. लहान पैशावर कायमचा बट्टा बसला.

खुर्दा

चांदीवाल्यांचं झालं असेल तर तांब्या-पितळेकडे वळू. सामान्य माणसाच्या हातात तेच होतं.

नमुना नाणं ही कल्पना चीनला यंत्रांनी शिकवली, असा समज होऊ नये. ओतीव कॅशची जुनी पद्धत बघा. आधी कारागीर हाताने एक नाणं कोरी, ते 'मूळ'. त्यावरून ओतून 'माता नाणी' करत. माता नाणी बारीक वाळूच्या साच्यात दाबून चलनी नाणी ओतत. मधल्या पन्हळीतून धातू जाई, म्हणून साचा फोडल्यावर नाणी झाडाला पानं लागावीत तशी दिसत. ती तोडायची, चौकोनी सळईवर ओवायची आणि कडा एकदम कानशीने घासायच्या. भोक चौकोनी असण्याचा फायदा इथे कळतो. गोल सळईवर नाणी गरगर फिरली असती.

ओतताना धातू थंड होऊन आक्रसतो, पितळ साधारण दीड टक्का. म्हणून माता नाणं चलनी नाण्यापेक्षा मोठं आणि अक्षरं धारदार. ही खूण लक्षात ठेवा, बनावट ओळखताना पुन्हा लागेल.

ग्वांगदोंगने १८८९ पासून यंत्रावर पितळी कॅश पाडले. मागच्या बाजूला 'कुपिंग एक मेस' असं वजन. दिसायला देखणे, हिशोबाला आतबट्ट्याचे. एक मेस पितळ म्हणजे ३.७३ ग्रॅम धातू, त्याची किंमत एका कॅशची. वर पत्रा लाटणं, गोल चकती कापणं, मग चौकोनी भोक पाडणं, मग छाप. भोक ही वेगळी पायरी, आणि चौकोनी पंचाचे कोपरे आधी झिजतात, मग तुटतात. भोक मधोमध नसेल तर छापताना ठशाची मधली चौकोनी खुंटी त्यात बसत नाही. इतका खटाटोप डॉलरसाठी परवडतो, कॅशसाठी नाही. वजन उतरवलं, तरी गणित जमेना.

उत्तर १९०० मध्ये ग्वांगदोंगनेच काढलं: भोकच नको. हाँगकाँगच्या सेंटसारखं गोल, भरीव तांब्याचं नाणं, १० कॅशचं. वजन दोन मेस, सुमारे साडेसात ग्रॅम. म्हणजे एक मेसच्या दोन कॅशच्या धातूत दहा कॅशची किंमत! पहिल्या नाण्यांवर 'शंभर नगांना एक युआन' (युआन म्हणजे चिनी डॉलर) असं वचनच कोरलेलं होतं. प्रांतांनी फायदा बघितला आणि जो तो तांबं पाडायला बसला. काही वर्षांत वचन कागदावर राहिलं, म्हणजे तांब्यावर राहिलं. शंभरात डॉलर कोणी देईना.

१९०५ मध्ये केंद्राने एकच छाप ठरवली: २० कॅश ४ मेस, १० कॅश २ मेस, ५ कॅश १ मेस, २ कॅश ४ कँडरिन. मधोमध बारीक अक्षर प्रांताचं, हुबेईचं वेगळं, झेज्यांगचं वेगळं. १९०६ मध्ये टांकसाळी कमी करून नऊवर आणायचा हुकूम निघाला. छाप एक झाली, पण पाडणारे हात प्रांतांचेच.

मोरपीस

वाचतेय, मस्त चाललंय. एक शंका. डॉलर ७.२ मेसचा ठरून चालायलाही लागला होता, तर १९०३ ते १९०८ मधली 'एक ताएल'ची नमुना नाणी कुठून उपटली? तियानजिनची १९०३ ची 'हू पू' लिहिलेली मालिका तर अख्खी ताएलमध्ये आहे.

नाणेवट

मोरपीसताई, भांडणाच्या गाभ्यालाच हात घातलात.

'हू पू' म्हणजे महसूल खातं. त्यांच्या १९०३ च्या मालिकेत १ ताएल, ५ मेस, २ मेस, १ मेस आणि ५ कँडरिन अशी पाच नाणी. चलनात कधी आलीच नाहीत. त्याआधी १८८४ मध्ये जिलिनच्या शस्त्र कारखान्यानेही एक ताएलपासून एक मेसपर्यंतची नाणी पाडून बघितली होती, तीही थोडीच.

ताएलवाल्यांचं म्हणणं: सगळा सारा, पगार, खजिन्याच्या वह्या ताएलमध्ये. ७.२ मेस हा आकडा आला कुठून? मेक्सिकोहून. आपल्या राज्याचं मुख्य नाणं परक्या नाण्याच्या वजनावर का बेतायचं? गंमत अशी, की या बाजूला सगळ्यात पुढे होता झांग झिदोंग. ७.२ मेसचा डॉलर ज्याच्या टांकसाळीतून निघाला तोच! हुबेईला बदली झाल्यावर त्याने १९०४ मध्ये तिथे एक ताएलचं नाणं पाडून प्रत्यक्ष चालवून बघितलं. दोन ड्रॅगन, मध्ये 'दा छिंग चांदी नाणं' आणि 'कुपिंग एक ताएल'. लोकांच्या ते अंगवळणी पडलं नाही.

डॉलरवाल्यांचं म्हणणं सोपं: लोकांच्या हातात ७.२ मेसचं नाणं आहे, भाव त्यात ठरतात, प्रांतांच्या टांकसाळींचे ठसे त्या मापाचे. ३७ ग्रॅमचं एक नाणं किरकोळ बाजाराला नकोच.

पुढची वर्षं लंबकासारखी. १९०५: ताएल. १९०६: त्यानुसार तियानजिनला 'बिंग-वू' (साठ वर्षांच्या चिनी चक्रातलं वर्षाचं नाव) वर्षाच्या ताएल मालिकेचे नमुने, त्याच वर्षी एक ताएल वजनाच्या सोन्याच्या नाण्याचाही नमुना. १९०७: 'डिंग-वेई' वर्षाची मालिका, पण आता युआनमध्ये. १९०८: तियानजिनच्या मध्यवर्ती टांकसाळीचा ७.२ चा डॉलर चलनात, आणि त्याच वर्षी हुकूम पुन्हा ताएलचा! मे १९१० मध्ये नवे चलन नियम निघाले आणि युआन पक्का झाला. ७.२ मेस, कस ९००. खाली ५० सेंट, २५ सेंट, १० सेंट चांदीचे, ५ सेंट निकेलचं, बाकी तांबं.

या वर्षांचं नमुना नाणं हातात आलं (येवो!), तर आधी वर्ष बघा, मग एकक. त्या वर्षी दरबारात कोणाचं चाललं होतं ते तिथेच कळतं.

सराफकट्टा

आपल्याकडचे धागे जोडतो, कारण या गोष्टीत मुंबई टांकसाळ खरोखरच आहे.

मेक्सिकन डॉलरचा पुरवठा बेभरवशाचा झाल्यावर ब्रिटिशांनी पूर्वेच्या व्यापारासाठी स्वतःचा 'ट्रेड डॉलर' काढला आणि १८९५ पासून तो मुंबईत पाडला. ४१६ ग्रेन, म्हणजे २६.९६ ग्रॅम, कस ९००. ७.२ मेसच्या इतका जवळ, की हाँगकाँगच्या बाजारात अलगद मिसळला. एका बाजूला त्रिशूळ धरलेली ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलय लिपीत 'एक डॉलर'. त्रिशूळाच्या मधल्या टोकावर बारीक 'बी' दिसला तर मुंबई. 'सी' असेल तर कलकत्ता, पण ते अक्षर त्रिशूळावर नव्हे, खाली पायाजवळच्या जमिनीवर शोधा. हा फरक ठाऊक नसल्याने कलकत्त्याचं नाणं लोक 'बिनखुणेचं' म्हणून विकतात.

दुसरा धागा सिचुआन रुपया. तिबेटमध्ये आणि सिचुआनच्या पश्चिम डोंगराळ भागात व्हिक्टोरियाचा रुपया इतका रुळला, की चेंगदूला त्याचा प्रतिस्पर्धी पाडावा लागला, साधारण १९०२ पासून. बेत तोच: डावीकडे बघणारा चेहरा, फक्त राणीच्या जागी टोपी-झग्यातला ग्वांगश्यू सम्राट. मागे फुलांच्या वेलबुट्टीत चार अक्षरं, 'सिचुआन प्रांतात बनवलेलं'. अर्धा आणि पाव रुपयाही निघाला. चलनातल्या छिंग नाण्यांपैकी सम्राटाचा चेहरा फक्त यावर. ज्याच्या नावाभोवती इंग्रजी अक्षरं चालली नाहीत, त्याचं तोंड मात्र राणीच्या साच्यात बसवलं. प्रकार ओळखताना दोन गोष्टी बघा: सम्राटाच्या झग्याला कॉलर आहे की नाही, आणि मागचं मधलं फूल उभं आहे की आडवं. पुढच्या काळात यातली चांदी घसरत गेली, तेव्हा सुरुवातीच्या रुपयाचा कस सगळ्यांना लावू नका.

तिसरं, २६ जून १८९३ ला भारतातल्या टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद झाल्या आणि पुढे रुपया सोन्याला बांधला गेला. १९०३-०४ मध्ये अमेरिकेचे प्राध्यापक जेरेमाया जेंक्स चीनला असाच उपाय सुचवत होते, वर परदेशी नियंत्रकासह. झांग झिदोंगने तो कडाडून फेटाळला. परकं वजन नको म्हणणारा माणूस परका नियंत्रक कसा घेणार?

चकती

सहमत, एक बारीक भर. जेंक्सच्या योजनेत सोनं एककामागे होतं, हातात चांदीच राहणार होती. त्यामुळे १९०६ च्या सोन्याच्या नमुन्याला 'जेंक्सचं नाणं' म्हणून खपवतात ते चूक. ते ताएल मालिकेतलं भावंड आहे, वजनही एक ताएलच.

कंगोरा

१९११ चा डॉलर राहिला. गोंधळ त्यावरच जास्त होतो, कारण नमुने आणि चलनी नाणं एकाच कुटुंबातले.

नव्या नियमांनुसार ठसे कोरायला तियानजिनला इटालियन कोरक लुइजी जॉर्जी आला. शेवटचा सम्राट श्वानतोंग याच्या तिसऱ्या वर्षाच्या (१९११) डॉलरचे अनेक नमुने झाले. संग्राहक त्यांना ड्रॅगनवरून ओळखतात: लांब मिशांचा, आखूड मिशांचा, उलटा, मोठ्या शेपटीचा. शेवटी मंजूर झाला वळलेल्या मिशांचा. तोच चलनात आला आणि तो मुबलक आहे. लांब मिशांच्या काही नमुन्यांवर जॉर्जीची सही असते.

हातात आलेला '१९११ चा ड्रॅगन डॉलर' शेकड्यात नव्याण्णव वेळा चलनी असतो. भिंगातून आधी मिशा बघा. टोक वळलेलं असेल तर स्वप्न आवरा. 'डॉलर' शब्दापुढे टिंब आहे की नाही हा चलनी नाण्यातलाच उपप्रकार, नमुन्याची खूण नव्हे.

हा डॉलर तियानजिन, नानजिंग आणि वुचांगला पाडला आणि साठवून ठेवला, म्हणजे पुरेसा साठा झाल्यावर जुनी नाणी एकदम बदलता येतील. १० ऑक्टोबरला वुचांगला छिंग राजवटीविरुद्ध उठाव झाला आणि साठा सैन्याच्या पगाराला गेला.

मोरपीस

मग घरच्या घरी खरं-खोटं किती कळू शकतं? एक्स-रे मशिनवाला सराफ प्रत्येक गावात नसतो.

सराफकट्टा

बरंच कळतं. ०.०१ ग्रॅमचा काटा हवा.

आधी हवेतलं वजन घ्या. डॉलर २६.५ ते २७ च्या आसपास हवा. बाजारातले मुलामा दिलेले बरेच तुकडे विशीत-बाविशीतच थांबतात, मग पुढची खटपट वाचते.

वजन बरोबर असेल तर घनता. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. पाणी उकळून गार केलेलं, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे कंगोऱ्यांत बुडबुडे अडकत नाहीत. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बाहेरच्या आधाराला टांगून पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये. काटा दाखवेल ते विस्थापित पाण्याचं वजन. हवेतलं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता.

९०० कसाच्या चांदीची घनता १०.३, म्हणून २६.९ ग्रॅमच्या डॉलरला काटा २.६१ च्या आसपास थांबावा. तांबं-निकेलचं नाणं त्याच वजनाचं असेल तर आकडा ३ च्या पुढे जातो. काट्याची एका शंभरांशाची चूक डॉलरच्या घनतेत ०.०४ चा फरक पाडते, ते चालतं. रुपयाच्या मापाच्या नाण्याला आकडाच १.१३ च्या आसपास, तिथे तीच चूक ०.०९ ची होते. म्हणून लहान नाण्याला तीनदा मोजून सरासरी घ्या.

चुंबक लावाच, पण चिकटलं नाही म्हणजे चांदी असा अर्थ नाही. पितळही चिकटत नाही.

खुर्दा

काट्याने धातू कळतो, नाणं नाही. आजचे चांगले बनावट ९०० कसाच्या चांदीतच ठशाने पाडतात. तिथे काटा गप्प.

मग माता नाण्याची गोष्ट आठवा. खऱ्या नाण्यावरून ओतलेली प्रत आक्रसते. ३९ मिलिमीटरच्या डॉलरची ओतीव प्रत अर्धा मिलिमीटर लहान भरते, कॅलिपरला सहज सापडते. अक्षरांच्या मुळाशी कोपरा गोलसर दिसतो, खवल्यांमध्ये सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. कडेच्या कंगोऱ्यांवरून नख फिरवा, एका ठिकाणी सांधा किंवा कानशीची खूण लागली तर ओतीव.

नमुन्यांच्या बाबतीत आणखी तीन सापळे. एक, धातू बदललेले खरे नमुने असतात, चांदीच्या ठशाने तांब्यावर पाडलेले. त्यांना काट्यावर नापास करून मोकळे होऊ नका. दोन, जुन्या ठशांवरून नंतर पाडलेली नाणी. इथे ठशावरचा गंज छापात उठलेल्या बारीक फोडांसारखा दिसतो. तीन, जी छाप सरकारने कधी ठरवलीच नाही अशी कल्पित नाणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी संग्राहकांसाठी ती खास बनवली गेली. ती आता जुनी झाली आहेत, म्हणून खरी झाली नाहीत.

कंगोरा

चौथा सापळा मी जोडतो: सराफी ठोसे. दक्षिण चीनमध्ये सराफ पारखलेल्या डॉलरवर स्वतःचा छोटा ठसा ठोकत, काही नाणी ठोसे खाऊन वाटीसारखी खोलगट होत. चलनातल्या नाण्यावर ठोसा ही भरवशाची खूण. पण जे चलनात गेलंच नाही त्या नमुन्यावर ठोसा काय करतोय, हा प्रश्न विक्रेत्याला विचारायचाच.

मोरपीस

आणि ताएल शेवटी संपला कधी? १९१० च्या नियमांनी की क्रांतीने?

नाणेवट

दोन्हींनी नाही. १९१४ मध्ये प्रजासत्ताकाचा अध्यक्ष युआन शिकाई याच्या चेहऱ्याचा डॉलर आला (ठसे पुन्हा जॉर्जीचेच), तो देशभर चालला, तरी शांघायच्या बँका वह्या ताएलमध्येच लिहीत राहिल्या. ताएल कायद्याने गेला एप्रिल १९३३ मध्ये. तेव्हा ०.७१५ शांघाय ताएल बरोबर एक युआन असा दर धरला. त्या वर्षीच्या शिडाच्या जहाजाच्या डॉलरचं वजन २६.७ ग्रॅम, कस ८८०. सराफकट्टांच्या पद्धतीने मोजलात तर त्याची घनताही १०.३ च्या खाली जरा सरकते. तो आकडा बघून खऱ्या जहाजाला बनावट ठरवू नका.